विलासनं बसवलेली खिडकी

या सदरात लिहिणाऱ्यांना मी आजवर पोटभर हसले आहे. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाच्या गाडीवर मागे कुणीतरी येऊन बसतं... माझं ठरलेलं उत्तर असायचं – रात्री हलकं जेवा आणि डाव्या कुशीवर झोपा. आता मीच लिहायला बसले आहे म्हटल्यावर घरातले दोघेतिघे गालातल्या गालात हसतायत. हसू देत. जे घडलं ते भर दुपारी घडलं आणि तेव्हा मी जेवलेही नव्हते.

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले टाक आणि तसबिरी नदीत सोडल्या. त्यानंतर अंगारा, गंडा, नवस हे शब्द आमच्याकडे फक्त थट्टेपुरते उरले. बाबा शाळामास्तर. लहानपणी एकदा मांजर आडवं गेलं म्हणून मी थबकले, तर त्यांनी मला त्याच रस्त्यानं तीनदा ये-जा करायला लावलं. त्यात शाळेला उशीर झाला, आणि उशीर झाला म्हणून छडीही त्यांनीच मारली. अशा माणसाची मी मुलगी, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे पुढचं वाचताना निदान अर्धं तरी खरं मानाल.

गाव ढाणकी, तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ. साल दोन हजार सहा-सात. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि कशासाठी यायचं ते सांगायची गरज नाही. त्याच काळात नोकरीला कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट लागतं अशी हवा झाली होती, म्हणून मी बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन क्लास काढला. बाहेरच्या खोलीत चार कॉम्प्युटर, आतल्या खोलीत एक – तो शिकवायचा. आतल्या खोलीच्या खिडकीतून कापसाच्या जिनिंग कारखान्याचं आवार दिसायचं. कापसाच्या गंज्या, ओळीनं उभ्या गाड्या, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत हवेत उडणारे रुईचे तंतू.

हे तंतू कुठंही शिरतात. चहात, केसात, डब्यातल्या भाजीत. कॉम्प्युटरचा पंखा तर त्यांना आत ओढूनच घेतो. आदल्या हंगामात एका कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळला. उघडून बघते तर आत उशी भरावी एवढी रुई. तेव्हापासून मी दर आठवड्याला पाचही कॅबिनेट उघडून ब्रशनं झाडायची. शिवाय मुलांना मदरबोर्ड, रॅम दाखवायची तर पुन्हा उघडा, आणि उघडलं की कुणीतरी आत बोट घालणारच. एकानं तर चालत्या पंख्यात पेन्सिल घालून पाहिली. तेव्हा डोक्यात आलं – शिकवायच्या कॉम्प्युटरच्या बाजूच्या पत्र्याला खिडकी पाडायची आणि तिथं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बसवायचं. आत किती रुई साठली ते दिसेल, मुलांना न उघडता सगळं दाखवता येईल. मोठ्या शहरांत लोक हौसेनं असं करतात, आत रंगीत दिवे लावतात, हे मी इंटरनेटवर पाहिलं होतं. माझं कारण निव्वळ झाडलोटीचं होतं.

गावात अ‍ॅक्रिलिकचं काम करणारा एकच – विलास. गाड्यांच्या नंबरप्लेटा, दुकानांच्या पाट्या, रेडियमची अक्षरं, सगळं त्याचंच. शाळेत माझ्या तीन वर्षं पुढे होता. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे अर्धं बोलणं हातवाऱ्यांनी. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी तो आणि त्याची आई, शेवंताकाकू.

पत्रा उलटसुलट करून तो म्हणाला, "लोकं माह्याकडं झाकाले येतात मॅडम, तुमी उघडं कराले आल्या."

"होते का नाही ते सांग."

"होईन ना. कायले नाही होणार?"

मला 'मॅडम' तो चिडवायलाच म्हणायचा. त्यानं पत्र्यावर पेन्सिलनं चौकोन आखला, चार कोपऱ्यांना भोकं पाडली आणि बारीक पात्याच्या करवतीनं दुपारभर पत्रा कापत बसला. कडा कानशीनं घासल्या, हाताला लागू नये म्हणून रबराची पट्टी बसवली. मग अ‍ॅक्रिलिक – आम्ही त्याला काचच म्हणायचो. शेवटच्या स्क्रूचं भोक पाडताना हात जरा जड पडला आणि खालच्या कोपऱ्यात बोटभर तडा गेला. बाकी काम इतकं सफाईदार की तो तडा दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

मला दिसला. मला असलंच दिसतं.

"हे तडकलेलं मले नाही चालत. दुसरी काच लाव."

"शीट संपली ना. आता नांदेडले जाईन तवा आणीन."

"मंग कधी जाशीन?"

"पाणी तं उघडू द्या..." बाहेर श्रावणाची झड लागली होती.

"सोमवारी माही नवी बॅच हाय. त्याच्या आधी पाह्यजे."

तो दारापर्यंत गेला, थुंकून परत आला आणि हसला. "तुमचं म्हंजे ना मॅडम... जातो उद्या."

दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलनं गेला. नांदेड म्हणजे पैनगंगेच्या पलीकडे. संध्याकाळी परत येताना नदीवरच्या ठेंगण्या रपट्यावर पाणी चढलेलं होतं. पलीकडच्या काठावर तो गाडी लावून पाणी उतरायची वाट बघत उभा होता, असं दोघांनी सांगितलं. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही. पूर ओसरल्यावर गाडी सापडली, खाली बाभळीत अडकलेली. मागच्या सीटला गोणपाटात गुंडाळून दोरीनं बांधलेली नवी शीट तशीच होती. विलास सापडला नाही.

नेहमीचा माल आणायला गेला असेल, असं सगळे म्हणाले. मी काहीच म्हणाले नाही.

एक पेपरवालाही येऊन गेला. शेती किती, कापूस किती पेरला, असं विचारू लागला. शेतीच नाही, पाट्या रंगवायचा, असं कळल्यावर त्यानं वही मिटली आणि चहा न घेता गेला.

भाऊबंद काकूंच्या मागे लागले. अंग मिळत नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायची रीत आहे, तेवढं उरकून टाकू. काकू अंगणात उभ्या राहून म्हणाल्या, "सापडला का तो? नाही ना? मंग कोणाले जाळता?" भाऊबंद चपला घालून निघून गेले.

आणि त्या माझ्याकडे येऊ लागल्या.

तेव्हा आमच्याकडे दुपारी बारा ते चार वीज नसायची. मुलं घरी जायची, मी आतल्या खोलीत डबा उघडून पेपर तपासत बसायची. एकच्या सुमाराला काकू यायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंतीला हात लावत लावत. कॉम्प्युटरसमोरच्या स्टुलावर बसायच्या आणि त्या खिडकीच्या कडेवरून, रबराच्या पट्टीवरून बोटं फिरवायच्या.

"इथं त्यानंच हात लावला ना वं?"

"हाव काकू. सगळं त्यानंच केलं."

"जायच्या आधीचं हेच काम?"

"हाव."

मग रोजचा प्रश्न. "एवढ्या पाण्यात कोन्या कामानं गेला असन वं तो? मले काहीच सांगून नाही गेला."

मी भाकरीचा तुकडा मोडायची. "मले नाही माहीत काकू."

हे मी एकदा नाही, कितीदा तरी म्हटलं आहे. उद्या सांगू, परवा सांगू करत दिवाळी आली. मला लाज वाटायची आणि त्याहून जास्त भीती वाटायची, की खरं कळलं तर ही बाई माझ्याकडे कशी बघेल. तिला दिसत नव्हतं तरी.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं. पंधरा दिवसांत कॅबिनेटच्या तळाला रुईचा पातळ पांढरा थर बसला, दुधावर साय धरते तेवढा. खिडकीचा उपयोग होतोय म्हणून मी खूश होते. आणि एका दुपारी, नुकतीच वीज गेली होती, मी आत डोकावले तर त्या थरावर खुणा दिसल्या.

पहिला विचार – उंदीर. वाकून नीट पाहिलं. उंदराला टाच नसते. पाच बोटं, टाच, मधला खोलगट भाग. माणसाचं पाऊल, पण माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं. एक डावं, एक उजवं, पुन्हा डावं. मागच्या पत्र्यापासून निघालेली, हार्ड डिस्कखालून सरळ काचेपर्यंत आलेली. काचेपाशी दोन पावलं शेजारी शेजारी होती, बाहेर बघत कुणी उभं राहावं तशी. परत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

मी हसले, खरंच सांगते. गोकुळाष्टमीला मुठीची कड टेकवून बाळकृष्णाची पावलं काढतात ना, तसा बॅचमधल्या पोरींचा उद्योग वाटला. पण एवढीशी मूठ कुणाची? रुई झाडली, पत्रा बसवला, पंख्याच्या जाळीवर मच्छरदाणीचा तुकडा लावला, बारीकसारीक भोकांवर टेप. वरून, परीक्षेच्या पाकिटावर करतात तशी कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली. मास्तरांची मुलगी आहे मी. मच्छरदाणीतूनही रुई आत जातच होती. चार-पाच दिवसांनी पुन्हा थर बसला आणि एका दुपारी पुन्हा पावलं उमटली. पट्टी जागच्या जागी, माझी सही शाबूत.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, स्थिर विद्युत असेल. रुई ओढली जाते, आकार बनतात, आणि माणसाला ढगातही हत्ती दिसतो. मी ते उत्तर घट्ट धरून ठेवलं. दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी काकू आल्या त्या फणफणतच. "भाऊबंद आता म्हंतात, बाकी काही नको करू, पीठ तं मांड."

"कायचं पीठ काकू?"

आमच्या घरात ही रीत नाही, म्हणून त्यांनी मला समजावून सांगितलं. माणूस गेला की त्याच्या जागेवर पीठ पसरायचं, जवळ दिवा ठेवायचा, वरून टोपलं झाकायचं. सकाळी उचलून बघायचं. कोणाचं पाऊल उमटलं त्यावरून कळतं, गेलेला कोणत्या जन्माला गेला. "याच्या बापाच्या वक्ताले चिमणीचे पाय उमटले होते. तवापासून मी अंगणातली चिमणी कधी हाकलली नाही."

"मंग विलासचं..."

"मी नाही मांडत!" त्यांचा हात काचेवर आपटला. "पीठ मांडलं म्हंजे मेला तो. आज मी दार लोटून ठेवतो, कडी नाही लावत. उद्या त्याच्यात एक पाऊल दिसलं, मंग मी कोणासाठी दार उघडं ठेवू? सांग ना वं, कोणासाठी?"

त्यांच्या हाताखाली, काचेच्या पलीकडे, ती दोन पावलं उभी होती. त्यांच्या तळव्यापासून चार बोटांवर. हातातला घास मी डब्यात परत ठेवला. पहिल्यांदा मला खरी भीती वाटली.

त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं. बारा वाजता वीज गेली, मुलं बाहेर पडली, की मी पत्रा उघडायची, ओल्या फडक्यानं तळ लख्ख पुसायची, पत्रा लावायची, मग डबा. काकूंना दिसलं नसतं, पण बॅचमधल्या एखादीला दिसलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. त्या बाईचं दार उघडं राहावं म्हणून मी पुसत होते, असं मी स्वतःला सांगायची. त्यात माझी किती भीती होती आणि तिची किती काळजी, देव जाणे. पाहा, मीही देव म्हणाले.

रुईच नाही तर पावलं कुठून! दोन आठवडे शांततेत गेले. मग आवाज सुरू झाला.

वीज नसली की त्या खोलीत फार शांत व्हायचं. जिनिंगही त्या वेळेला बंद असायचं. त्या शांततेत, आतून, काचेवर – टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. नखानं वाजवल्यासारखा.

"कोन वाजवून राह्यलं वं?" काकू म्हणाल्या.

"पत्रा तापला काकू. उन्हानं वाजते."

तो हिवाळा होता. मी पत्र्याला हात लावून पाहिला, गार होता. आणि खालच्या कोपऱ्यातला तडा, जो बोटभर होता, तो आता वीतभर झाला होता.

मी क्लास बंद का केला नाही? कॉम्प्युटर बदलला का नाही? विचाराल तुम्ही, मीही विचारते. बॅच चालू होती, बाबांपुढे मी घाबरले हे कबूल करायचं नव्हतं. आणि त्या खिडकीवर काकूंचा हात रोज असायचा. ती मी कुठं टाकणार होते?

मग ती दुपार आली. बॅचमधल्या एकीच्या फॉर्ममध्ये काहीतरी घोळ झाला, तो निस्तरण्यात बारा वाजून गेले. वीज आधीच गेली होती; मुली बाहेर पडल्या, आणि मी फडकं भिजवून आत येते तर काकू स्टुलावर येऊन बसलेल्या. त्या दिवशी लवकर आल्या होत्या. मी फडकं टेबलावर ठेवून माझ्या खुर्चीत बसले. आत पाहिलं – हंगाम ऐन भरात, एका दिवसातच तळाला थर बसला होता, पण कोरा. एकही खूण नाही. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, बसतील आणि जातील.

डब्याचं झाकण काढलं. काकू काहीतरी बोलत होत्या, डोळ्याच्या कॅम्पबद्दल. मी आत बघत होते, नजर हलत नव्हती.

मागच्या पत्र्याजवळची रुई दबली.

वर काही नव्हतं. पाल नाही, उंदीर नाही, किडा नाही. तंतू आपोआप खाली बसले. आधी पाच बोटं, मग हळूच टाच. मग त्याच्या पुढे दुसरं. मध्ये थांबत, चाचपत. वाहत्या पाण्यात माणूस पाय रोवून रोवून चालतो ना, अगदी तसं. पावलं हार्ड डिस्कखालून आली, काचेपाशी आली, शेजारी शेजारी उभी राहिली. आणि – टक.

माझ्या हातून झाकण पडलं.

"काय झालं वं?" काकूंनी मान वळवली. "काय पाह्यलं तू?"

मी झाकण उचलायला वाकले.

"सुजाता. मले नाही दिसत, तुले दिसते. सांग मले."

उंदीर म्हणता आलं असतं. एक शब्द. त्या एका शब्दासाठी मी नंतर किती रात्री तळमळले आहे! पण त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नव्हतं. मी म्हटलं, "पाय, काकू. पावलं."

"कायची?"

"माणसाची. लहानी."

त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं, तेवढंच. मग अगदी साध्या आवाजात, भाजी काय केली विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "येऊन राह्यली का जाऊन राह्यली?"

"येऊन राह्यली. काचेपाशी थांबली."

"मंग उघड ना वं!" त्या उठून उभ्या राहिल्या. "काहून कोंडून ठेवलं त्याले?"

मला ते उघडायचं नव्हतं. जगात मला दुसरं काहीही करायला सांगितलं असतं तर मी केलं असतं. पण त्या माउलीसमोर मी नाही म्हणू शकले नाही. एकेक करून स्क्रू काढले. पत्रा सुटला तसा मी तो भिंतीला टेकवला आणि मागे सरत सरत खुर्चीत येऊन बसले.

काकूंनी कॅबिनेटच्या कडेवर हात ठेवला. "ये," त्या म्हणाल्या. "ये माह्या राजा. घरी चाल."

टेबलावरही रुई होती, सकाळपासून पुसलेली नव्हती. तिथं एक पाऊल उमटलं. आतल्यापेक्षा मोठं, पाच-सहा वर्षांच्या मुलाचं असावं तेवढं. मग खाली फरशीवर. फरशीवरचं पूर्ण होतं. मोठ्या माणसाचं, माझ्या चपलेपेक्षा दोन बोटं लांब. मग त्याच्या पुढे आणखी एक.

काकू दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. दारातून ऊन येत होतं, तेवढं त्यांना दिसत असावं. "निघाला का?" त्या म्हणाल्या. "दारातून गेला का?"

पावलं काकूंच्या जवळून गेली. दाराकडे वळली नाहीत. टेबलाला वळसा घालून, एकेक टेकत, माझ्या बाजूला आली. माझ्या खुर्चीपासून हातभर अंतरावर दोन पावलं शेजारी शेजारी उमटली, बोटं माझ्याकडे. आणि थांबली.

मी पाय वर उचलून खुर्चीवर घेतले.

"सुजाता, बोल ना वं. गेला का तो घरी?"

तेव्हा मला खोटं बोलता आलं.

"हाव काकू," मी म्हटलं. "गेला."

त्या जवळजवळ धावतच निघाल्या. भिंतीलाही हात लावला नाही. घर उघडं आहे, दिवा लावायला पाहिजे, असं काहीतरी पुटपुटत गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळं क्रियाकर्म केलं, तेरवी केली. पीठ मात्र मांडलं नाही. माणसाचंच पाऊल आहे, माणसाच्याच जन्माला गेला, मास्तरांच्या पोरीनं पाहिलं, असं त्यांनी भाऊबंदांना सांगितलं. आणि वर म्हणाल्या, "ते लोकं तं असलं काही मानतच नाही. ते कायले खोटं बोलतीन?" हे ऐकून बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

काकू त्यानंतर बरीच वर्षं जगल्या, आणि शांतपणे जगल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. गल्लीत कुणाचं बाळ झालं की त्या बघायला जायच्या आणि तोंड बघायच्या आधी त्याचे पाय हातात घ्यायच्या. त्यांना कोणी सांगितलं नाही की विलास त्या दिवशी कुणाच्या हट्टानं नदीपार गेला होता. सांगणारी मी एकटीच होते. त्या गेल्या तेव्हाही मी उशाशी होते, तेव्हाही नाही सांगितलं.

क्लास मी त्या उन्हाळ्यात बंद केला. कॅबिनेट पत्र्यासकट भंगारात दिलं. मनाच्या डॉक्टरांना विचारून झालं, त्यांनी अपराधी भावना वगैरे समजावलं. पटतं. स्थिर विद्युतही पटते, वेगवेगळी पटतात. पण सही केलेली पट्टी, काकूंनीही ऐकलेला आवाज, वीतभर गेलेला तडा – हे सगळं एकत्र मांडलं की माझ्याकडे काहीच उत्तर उरत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर कळवा. थट्टा केलीत तरी चालेल, माझी तेवढी तयारी आहे.

त्या दुपारी काकू गेल्यावर मी खुर्चीतून उठले नाही. चार वाजता वीज आली, बाहेरच्या खोलीतले दिवे लागले, मुलींचे आवाज आले, तोवर मी पाय वर घेऊन त्या दोन पावलांकडे बघत बसले होते. तेवढ्या वेळात फरशीवर तिथून पुढे जाणारं किंवा मागे फिरणारं एकही पाऊल उमटलं नाही. मग मी झाडू घेतला आणि सगळी रुई गोळा केली.

गेला, असं मी त्याच्या आईला सांगितलं. तो गेला की नाही, हे मला आजही माहीत नाही.